डोळ्यांच्या पातळीवर

४ मार्च

आज समितीच्या बैठकीत बोलायला उभी राहिले आणि चहा गार होईपर्यंत थांबले नाही. परिषद पुढे ढकलायची नाही, रद्द करायची नाही आणि पडद्यावर तर मुळीच न्यायची नाही. लेझरवर काम करणारी माणसं वर्षातून एकदा एका छताखाली येतात ती निबंध ऐकायला नव्हे. निबंध घरी वाचता येतात. ती येतात भांडायला. समोरच्याने फळ्यावर काढलेली रेघ पुसून आपली काढायला. ज्ञान निरोपानिरोपीने वाढत नाही, असं मी सांगितलं, आणि ते मला अगदी मनापासून पटतं.

सचिव शेवटी म्हणाले, "मॅडम, भाषण उत्तम. पण विमानंच बंद झाली तर?"

"बोटीने येतील," मी म्हटलं. सगळे हसले. मग कोणीतरी शिंकलं आणि शेजारच्या दोघांनी खुर्च्या हळूच सरकवल्या. हसू तिथेच संपलं.

इथे खरं लिहिते. मला साथीची भीती वाटते तशी सगळ्यांना वाटते; माझी भीती आणखी एक आहे. मी सभेत एक चेहरा निवडते. पुढचा नाही, मागचा नाही, मधल्या रांगेतला. त्या एकाच माणसाशी बोलते. त्याच्या कपाळाला आठी पडली की दुसरं उदाहरण देते, तो सैलावला की आवाज चढवते. पोरं मागे मला तोफ म्हणतात, पण तोफेलाही नेम धरायला काहीतरी समोर लागतं. पडद्यावर कोणाकडे बघू? तीस वर्षं बोलत आले, आणि आज पहिल्यांदा वाटलं की माझी सगळी ताकद त्या अनोळखी चेहऱ्यातच होती की काय.

घरी आल्यावर वन्संना हे सांगितलं. माझे यजमान गेल्यापासून त्या दर वर्षी चार दिवस राहून जातात. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघून बोला की वहिनी. तुमचं मला एक अक्षर कळत नाही, त्यामुळे माझ्या कपाळाला आठी कायमचीच."

७ मार्च

सगळं बंद. बोटीनेही कोणी येणार नाही. वन्संच्या परतीची गाडीही रद्द झाली, त्यामुळे चार दिवसांचा पाहुणचार आता किती लांबतो कोण जाणे. त्यांनी लगेच माझं शिवणाचं जुनं यंत्र पुसून तेल घालून ठेवलं.

समितीची बैठक फोनवर झाली. परिषद पडद्यावरून घ्यायची असं ठरलं, माझ्यावाचूनच ठरल्यासारखं. मी हरले. पण एक गोष्ट मात्र खेचून आणली. सचिवांचं म्हणणं होतं की प्रयोगशाळांनी आपापल्या प्रयोगांची छोटी चित्रफीत पाठवावी, ती आपण दाखवू. मी म्हटलं, चित्रफितीच दाखवायच्या तर परिषद कशाला, चित्रपटगृह काढू. लेझरच्या परिषदेत लेझर चालू दिसला पाहिजे. आठ प्रयोगशाळांतून आठ माणसं आपल्या टेबलापाशी बसतील, यंत्र चालू असेल, आणि लोक विचारतील तेव्हा तिथल्या तिथे आरसा फिरवून उत्तर देतील. माणूस प्रकाशाजवळ बसलेला दिसू दे. घाबरलेल्या जगाला तेवढं तरी दाखवू.

सचिव म्हणाले, "सुरक्षेचं बघावं लागेल मॅडम."

"सुरक्षेचे नियम मीच लिहिलेत," मी म्हटलं.

पुढे कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, पटलं सगळ्यांना.

१२ मार्च

पडदेवाला, म्हणजे ज्याच्याकडे परिषदेचं सगळं ऑनलाइन काम दिलंय तो तरुण, आज मला कॅमेऱ्यापुढे बसायला शिकवत होता. मी उभी राहून सुरुवात केली. तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण प्रेक्षकांना फक्त तुमच्या नाकपुड्या दिसतायत."

वन्सं आतून म्हणाल्या, "आम्हाला रोज त्याच दिसतात."

मग त्याने एक वाक्य सांगितलं आणि ते मला फार आवडलं. कॅमेरा नेहमी डोळ्यांच्या पातळीवर हवा. वरून बघितलं की उपदेश वाटतो, खालून बघितलं की धमकी. आणि डोळे झाकायचे नाहीत. डोळे दिसले की लोकांचा विश्वास बसतो.

मी लगेच आठही प्रयोगशाळांना सूचना लिहून पाठवल्या. टेबलाशी खुर्ची घेऊन बसावं. कॅमेरा टेबलावर, डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. बोलताना सुरक्षेचा गॉगल कपाळावर घ्यावा, किरण दाखवताना लावावा. यंत्र कमी ताकदीवर चालवावं. मोजकं आणि स्वच्छ लिहिलंय.

शेंडेफळाचा फोन आला. ही माझी शेवटची विद्यार्थिनी, हिच्यानंतर मी निवृत्त. आठांतली एक प्रयोगशाळा आमची, आणि तिथे टेबलापाशी तीच बसणार आहे. घाबरट पोर, पण हात असा स्थिर की आरसा केसभर फिरवायला सांगितला तर केसभरच फिरवते.

"मॅडम, खुर्ची?"

"हो, खुर्ची. खांबासारखं उभं राहून कोणी गप्पा मारतं का?"

"नाही, पण आपण खुर्ची कधी टेबलाजवळ..."

"ते रोजच्या कामाला. हे काम वेगळं आहे."

"बरं," ती म्हणाली.

१५ मार्च

आज प्रयोगशाळेत जाऊन नमुन्याचं चित्रण केलं. बाकीच्या सात जणांना पाठवायचं, म्हणजे असं बसा, असं बोला हे त्यांना कळेल. इमारतीत आम्ही दोघीच. जिन्यात औषधाचा उग्र वास, दारांच्या मुठींना कागद गुंडाळलेले. पहारेकऱ्याने कपाळावर तापमापक रोखला तेव्हा जणू परीक्षेचा निकाल लागायचा होता.

आमचा हा लेझर अवरक्त. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. टेबलावर आरशाआरशांतून तो पळत असतो आणि तुम्हाला नुसतं रिकामं टेबल दिसतं. खास कागद मध्ये धरला तरच ठिपका उमटतो. पण कॅमेऱ्याला तो थोडासा दिसतो, जांभळट. तो ठिपका लॅपटॉपवर बघून मला शाळकरी पोरीसारखा आनंद झाला. जे आम्ही जन्मभर न बघता हाताळलं ते आता घरबसल्या लोकांना दिसणार.

गॉगल लावला की मात्र लॅपटॉप काळाहिरवा दिसतो, काही म्हणजे काही उमगत नाही. म्हणून तो कपाळावर सरकवून बोलत होते. खुर्चीत बसल्यावर आवाज छान लागला. प्रकाश आणि स्वातंत्र्य यांवर चार वाक्यं सुचली, ती आधी ठरवलेली नव्हती. हातातल्या पोलादी पट्टीने आरसे दाखवत होते. ऐन भरात असताना कुठेतरी टिच्च असा आवाज झाला, बहुतेक माईकमध्ये. त्याच वेळी शेंडेफळाने तोंड उघडलं. मी हात वर करून तिला थांबवलं; इतकं जमून आलेलं बोलणं मध्ये तोडलं तर पुन्हा जुळत नाही.

संपल्यावर बघते तर ती पांढरीफटक. म्हटलं, "माझं बोलणं एवढं लागलं तुला?"

"मॅडम, डोळ्यांना काही..."

"पाणी आलंय, हो. स्वतःच्याच भाषणाने रडणारी मी पहिली नाही."

ती हसली नाही. लेझर बंद केला आणि किती तरी वेळ पट्टी पुसत बसली.

१६ मार्च

लॅपटॉपच्या पडद्यावर बरोबर मध्ये डाग पडलाय. करडा, मोहरीएवढा, पण नेमका वाचायच्या जागी. काल प्रयोगशाळेत काहीतरी उडालं असणार. चष्म्याच्या फडक्याने पुसला, मग वन्संकडून मलमलीचा तुकडा घेतला. वन्सं म्हणाल्या, "काच झिजेल वहिनी. मला तर काही दिसत नाही तिथे."

"तुमचा चष्मा जुना आहे."

"चष्मा जुना, डोळे नवे," म्हणाल्या. त्यांचा मोतीबिंदू मागच्या वर्षीच काढलाय.

चित्रण सातही ठिकाणी पाठवलं. दोन ठिकाणांहून लगेच उत्तर आलं: आम्हीही असंच बसून सराव सुरू केलाय.

शेंडेफळाचा निरोप: मॅडम, डोळे कसे आहेत? मी उलट कळवलं, जागेवर आहेत. काळजी करणारी पोर.

१९ मार्च

आज फार घाबरले. का, ते नीट सांगता येत नाही.

समितीची बैठक पडद्यावर झाली. चौकोनांत चेहरे. मी ठरवलं, इथेही एक चेहरा निवडायचा. सचिवांचा निवडला, त्यांच्याकडे बघून बोलू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट काहीतरी. कान होते, केस होते, सदऱ्याची कॉलर होती. म्हटलं, यांची जोडणी कमकुवत आहे. दुसऱ्या बाईंकडे वळले. त्यांचाही चेहरा गेला आणि सचिवांचा परत आला. मी ज्याच्याकडे बघेन नेमका त्याचाच चेहरा जायचा. वाक्य अर्ध्यावर सोडून मी गप्प बसले. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

सचिव म्हणाले, "मॅडम, ऐकू येतंय ना?"

"येतंय. तुमचा चेहरा दिसत नाहीये."

"आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे."

तेवढ्यात त्यांनीच विषय काढला. प्रयोगशाळांचं अजून एकदा बघू या का. कॅमेऱ्यासमोर बसून करणं त्यांना बरं वाटत नाही. एकदा सुरक्षा अधिकाऱ्याला विचारू. त्या भीतीतून मी अशी उसळले की आता लिहिताना लाज वाटते. विचारायला लागलात तर पुढच्या वर्षापर्यंत विचारत बसाल, भित्र्यांनी प्रकाशाचा धंदा करू नये, असं काहीबाही. त्यांनी पुढचा विषय घेतला.

नंतर पडदेवाल्याला विचारलं, बघितलेला चेहरा आपोआप पुसट करणारी काही सोय आहे का. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोणाकडे बघताय हे यंत्राला कळत नाही."

मग हे काय आहे? मला वाटतं, ही भीतीच आहे. जिला चेहरे नकोसे झालेत अशी वक्त्री. ऐन निवृत्तीच्या तोंडावर मन हात वर करतंय.

२१ मार्च

नवा पडदा मागवला. मोठा, महाग. पडदेवाल्याने दारात ठेवला आणि लांबून जोडायला शिकवला. डाग त्यावरही आहे. त्याला फोनवर झापलं. तो बिचारा म्हणाला, "बदलून देतो मॅडम, पण दोन्ही पडद्यांना एकाच जागी डाग कसा असेल?" मी म्हटलं, ते तुमच्या दुकानदाराला विचारा.

दुपारी चहा ओतताना कपाच्या बाहेर गेला. वन्संनी न बोलता फडकं आणलं. खिडकीच्या गजांतला एक मध्येच वाकलाय. इतकी वर्षं इथे राहून कधी लक्षात आलं नव्हतं.

"वहिनी, एकदा डोळे दाखवा."

"सगळा दिवस पडदा बघते, थकणारच. शिवाय आता दवाखान्यात पाय ठेवायचे दिवस आहेत का?"

त्या वळल्या तेव्हा पुटपुटल्या, "दिव्याखाली अंधार म्हणतात ते उगाच नाही." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

माझा डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे, सगळा भार उजव्यावर. त्याला विश्रांती द्यायला हवी हे खरं. परिषद झाली की देईन.

२५ मार्च

हे वन्संनी आणलेल्या जाड पेनाने लिहितेय, मोठ्या अक्षरांत, डाव्या डोळ्याने. ओळी वरखाली जात असतील. आजच लिहायला हवं.

दुपारी आठ प्रयोगशाळांची रंगीत तालीम होती. त्याआधी पडदेवाल्याने फोनवरून सांगितलं, मॅडम, एकदा संगणक बंद करून चालू करा. मी केला. पडदा काळा झाला. मी मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघितलं. पांढरी, कोरी भिंत. तिच्यावर बरोबर मध्ये तो डाग होता.

मी डोळा हलवला, डाग हलला. छताकडे बघितलं, छतावर गेला. वन्सं दारात सुई ओवत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. पदर होता, हात होते, सुई होती, चेहरा नव्हता.

हे चित्र मी पंचवीस वर्षं वर्गात दाखवत आलेय. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध भाजल्याचा ठिपका. किरण दिसत नाही, दुखत नाही, कधी कधी नुसता टिच्च असा आवाज होतो. आणि पुढचा नियम: किरण टेबलाच्या जरा वरून धावतो, उभ्या माणसाच्या छातीखालून. म्हणून लेझर चालू असताना प्रयोगशाळेत कोणी बसायचं नाही. बसलं की डोळे किरणाच्या पातळीवर येतात. म्हणून खुर्च्या भिंतीला. म्हणून हातात चकाकणारं काही धरायचं नाही. हे सगळं मीच लिहिलंय. आणि मीच आठ प्रयोगशाळांना कळवलंय की बसा, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, गॉगल कपाळावर घ्या.

माझ्या डोळ्याचं दुःख मला तेव्हा झालंच नाही. मला फक्त शेंडेफळ दिसली, खुर्चीत बसलेली.

फोन लावला. बंद. तालमीत फोन बंद ठेवा, हीसुद्धा माझीच सूचना. प्रयोगशाळेचा फोन वाजत राहिला; तो बाहेरच्या खोलीत आहे. संगणक चालू व्हायला जो वेळ लागला तो मी कसा काढला ते सांगू शकत नाही. मी वन्संना ओढून शेजारी बसवलं.

"वन्सं, मला मधलं दिसत नाही. तुम्ही बघा आणि सांगा. काय दिसतं तेच सांगा."

त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. सुई पदराला टोचली आणि पुढे झुकल्या. "आठ चौकोन आहेत. पोरं बसलीयत. तुमची पोरगी खालच्या ओळीत."

"गॉगल?"

"डोक्यावर. केसांना पट्टा लावतात तसा."

"तिच्या अंगावर कुठे जांभळा ठिपका आहे का?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "आहे. गळ्यापाशी. कॉलरच्या टोकाला. लुकलुकतोय."

"ती काय करतेय?"

"काहीतरी पडलंय बहुतेक. खाली बघतेय. वाकायला लागली."

पडद्यावर दिसतं ते थोडं आधीच घडून गेलेलं असतं. वन्संनी 'वाकायला लागली' म्हटलं तेव्हा ती किती वाकली होती ते मला माहीत नव्हतं. मी बोलले. ओरडले नाही, ओरडलं की माणूस दचकून वर बघतो. वर्गात हाक मारते तशा आवाजात म्हटलं, "डोळे मीट. आहेस तशी राहा. उजव्या हाताचं लाल बटण दाब."

मग काहीच नाही. मला एक धुरकट चौकोन दिसत होता आणि बाजूला वन्संचा श्वास ऐकू येत होता.

"दाबलं," वन्सं म्हणाल्या. "ठिपका गेला. डोळे मिटलेलेच आहेत पोरीचे."

मी बाकीच्या सातांनाही यंत्रं बंद करायला लावली. त्यांनी केली. कोणी का म्हणून विचारलं नाही. मला विचारायची सवयच मी कोणाला ठेवलेली नाही.

शेंडेफळ रडत होती. बाकीच्यांना जायला सांगितलं, ती आणि मी राहिलो. तिला एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघायला लावलं. काही नाही. दोन्ही स्वच्छ. तीन-तीनदा बघायला लावलं.

मग तिने सांगितलं. "मॅडम, त्या दिवशी पट्टीवरून फिरलेला किरण लॅपटॉपवर मला दिसला होता. तुमच्या उजव्या डोळ्यावर. एक क्षणभरच. मी सांगणार होते."

"मग का नाही सांगितलंस?"

तिने नाक पुसलं. "तुम्ही बोलत होतात."

"त्यानंतर इतके दिवस?"

"निरोप केला होता ना, डोळे कसे आहेत म्हणून. तुम्ही लिहिलंत, जागेवर आहेत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुम्हाला नाही माहीत असं कसं असेल?"

"आणि तरी तू आज खुर्चीत बसलीस."

"सूचनेत होतं."

वन्संनी पडद्यापाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

२६ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर नखशिखांत झाकलेले होते, फक्त आवाज माणसाचा होता. बराच वेळ बघितलं. व्रण आहे, मधोमध. मी विचारलं, परत येईल? "सूज उतरेल तेवढं येईल. सगळं येईल असं म्हणणार नाही." मी विचारलं, वाचणं? "बाजूने बघायला शिका. ज्याला बघायचंय त्याच्या जरा शेजारी बघायचं." मग म्हणाले, "त्याच दिवशी आला असतात तरी फार वेगळं झालं असतं असं नाही. पण यायला हवं होतं."

येताना रस्ता रिकामा होता. वन्सं कधी माझा हात धरत नाहीत. आज कोपर धरून चालल्या. म्हणाल्या, "घाबरलात?"

"फार."

"बरं झालं. इतकी वर्षं आम्हीच घाबरायचो."

सचिवांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी "मी म्हणत होतो" असं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?" मग ते म्हणाले की उद्या उद्घाटनात फक्त 'काही तांत्रिक कारणाने प्रयोग रद्द' असं सांगू, पुढचं समिती बघेल, तुमचं नाव, संस्थेचं नाव, निवृत्ती. त्यांनी ते चांगुलपणानेच सुचवलं. आणि मला, खरं लिहिते, क्षणभर फार मोह झाला. कोणाला कळणार नव्हतं. शेंडेफळ बोलणार नाही, वन्सं बोलणार नाहीत. निरोपाचं भाषण होईल, टाळ्या होतील.

पण सातांपैकी दोघांनी सोळा तारखेलाच लिहिलं होतं, सराव सुरू केलाय. आज मी सातही ठिकाणी विचारलं. सगळ्यांनी कळवलं, आमच्याकडे सगळं ठीक. शेंडेफळाने मला विचारलं होतं तेव्हा मीही असंच कळवलं होतं, जागेवर आहेत.

२७ मार्च

उद्घाटन झालं. वन्संनी माझ्या साडीची पिन लावली, कारण मला ती सापडेना.

पडदेवाल्याने सांगितलं, आठशेच्या वर लोक जोडलेत. मला एकाचाही चेहरा दिसत नव्हता. मी ठरवलेलं भाषण केलं नाही. काय झालं ते क्रमाने सांगितलं: खुर्ची, कॅमेरा, गॉगल, पट्टी, टिच्च. डागाचं सांगितलं, पडदा बदलल्याचं सांगितलं. सूचना माझी होती, हरकत घेणाऱ्यांना मी बोलू दिलं नाही, हे सांगितलं. प्रयोग होणार नाहीत. चित्रफिती दाखवल्या जातील, त्या सचिवांनी आधीच सुचवल्या होत्या. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण असेल. संपलं तेव्हा टाळ्या नाहीत, काही नाही, नुसती शांतता. पूर्वी असती तर ती शांतता मी लगेच भरून काढली असती. आज मी तोंड मिटून बसले. म्हटलं, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

कोणी विचारेना. सचिव पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायला लागले. मी म्हटलं, "थांबा जरा." वन्संनी माझ्याकडे बघितलं, मीही थांबले.

मग एक आवाज आला. कोवळा, अडखळता. "मॅडम, एक विचारू? तुम्ही पडदा बदललात म्हणालात."

"हो."

"आमच्याकडे मीही बदलला. तालमीच्या लॅपटॉपचा. मला वाटलं, दुसराही तसाच निघाला." तो थांबला. मागे कोणीतरी त्याला काही म्हणालं, त्याने ऐकलं नसावं. "पण मला थोडंच आहे. उजव्या बाजूला. वाचता येतं."

कुठली प्रयोगशाळा, कुठला देश, नाव काय, काही विचारायचं सुचलं नाही. त्याला घाबरवायचं नव्हतं आणि खोटंही सांगायचं नव्हतं.

"पडदा बंद कर," मी म्हटलं. "आम्ही ऐकतोय. पडदा बंद कर, डावा डोळा झाक आणि भिंतीकडे बघ. घाई नाही."

त्याचा चौकोन काळा झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग काही नाही. मी बोलले नाही. वन्संनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

"आहे," तो म्हणाला.